परड्यातील पालथा दगड

गेल्या उन्हाळ्यात खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून आम्हांस निरोप आला. एका जुन्या कौलारू घराच्या मागील परड्यात शोषखड्डा खणण्याचे काम चालू होते. दोन-अडीच हात खोलीवर पहार दगडाला लागली. साधा धोंडा असेल असे समजून चौघांनी तो उलथला, तो खालच्या अंगाला कोरीव आकृती दिसल्या, आणि आकृतींच्या पट्ट्यांमध्ये अक्षरांच्या ओळी. निरोप देणाऱ्याचा आवाज आनंदाने भरून आला होता. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते. घरातील आजोबांनी सीमालढ्यात तुरुंगवास भोगलेला. आपल्याच परड्यातून आपल्या भाषेचा पुरावा निघाला, अशी सर्वांची खात्री झाली होती.

आम्ही सायंकाळी पोहोचलो, कारण झिजलेली अक्षरे तिरप्या उन्हात बरी दिसतात. दगडावरील माती मऊ कुंच्याने काढली, पाणी शिंपडले. तो वीरगळ होता. खालच्या पट्टीत लढणारा वीर आणि त्याच्यामागे गाई, मधल्या पट्टीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या पट्टीत शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला तोच वीर आणि शेंड्याला चंद्र-सूर्य. ओळी मात्र देवनागरीत नव्हत्या. गोल वळणाची ती अक्षरे हळेकन्नड लिपीची होती.

परड्यात थोडा वेळ कोणी बोलेना. मग घरातील एक तरुण हलक्या आवाजात म्हणाला, "काका, परत पालथा घालूया की. कुणाला कळतंय?"

त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. ज्या प्रदेशात दुकानाच्या पाटीवरील अक्षरावरून भांडण पेटते, तेथे जमिनीतून निघालेल्या अक्षराची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. तरीही त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला नीट द्यायचे आहे, आणि ते देण्यापूर्वी जुन्या घरांच्या अंगणा-परड्यांतून आजवर काय काय निघाले, याकडे एकदा पाहावे लागेल.

घरामागच्या मोकळ्या जागेला आपल्याकडे अनेक नावे आहेत. कोणी परसू म्हणते, कोणी परसदार, कोणी मागीलदार. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात परडे हा शब्द रूढ आहे. पण या विषयात सर्वांत मोलाचा शब्द आहे पांढरी. आपल्या गावगाड्याने जमिनीचे दोन भाग केले: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. हा भेद निव्वळ उपयोगाचा नाही, तो मातीच्या रंगाचाही आहे. शेकडो वर्षे एकाच जागी माणसे राहिली, चुलीची राख पडत गेली, मातीच्या भिंती खचून पुन्हा नव्या उठल्या, चुना, शेण, हाडे, खापरे मिसळत गेली, की जमीन फिकट भुरी होते आणि हळूहळू उंच होत जाते. उजाड गावाच्या पांढरीची माती शेतकरी शेतात खत म्हणून नेत आणि धाब्याच्या घरावरही पसरीत. ती खणताना खापरे, मणी, नाणी हाती लागत. पुराणवस्तूंचे अभ्यासक प्राचीन वस्त्यांचा शोध घेताना पांढरीची टेकाडे कोठे आहेत, असे गावकऱ्यांना विचारीत. जमिनीखाली जुने गाव आहे, ही माहिती भाषेने एका शब्दात जपून ठेवली होती.

जमिनीत वस्तू जाण्याच्या वाटा साधारण तीन. पहिली वाट जाणूनबुजून पुरण्याची. पेढ्या मोजक्या आणि वाटा असुरक्षित होत्या, तेव्हा रोकड, दागिने यांची तिजोरी म्हणजे जमीनच होती. पेंढाऱ्यांची आवई उठली की हंडा चुलीखाली, गोठ्यात वा तुळशीवृंदावनाच्या पायात जाई. पुरणारा परागंदा झाला किंवा साथीत गेला, की ती जागा त्याच्याबरोबरच विस्मरणात जाई. धान्यही जमिनीत ठेवीत. तोंड अरुंद आणि पोट मोठे अशा पेवांत ज्वारी टिके. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर आपल्याच काळापर्यंत वापरात होती; २००५ च्या महापुरात त्यांतील अनेक निकामी झाली. देवमूर्तीही आक्रमणाच्या भयाने मातीत वा विहिरीत ठेवल्या जात.

दुसरी वाट आपोआप बुजण्याची, जी पांढरीच्या संदर्भात वर सांगितली. तिसरी वाट पुनर्वापराची, आणि ती अक्षरांच्या बाबतीत सर्वांत घातक. पडक्या देवळाचा घडीव दगड घराच्या जोत्यात बसतो. वीरगळ पालथा घालून त्याच्या सपाट पाठीवर धुणे धुतले जाते. लेख असलेली शिळा उंबरठ्याला लागते आणि शंभर वर्षांच्या पावलांनी ओळी पुसल्या जातात. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. वाचणारा कोणी उरला नाही, म्हणजे लेखाचा पुन्हा दगड होतो.

आता आमच्याच तालुक्यातील उदाहरण घेऊ. खानापूर तालुक्यातील हलशी म्हणजे कदंब राजांची पलाशिका. गेल्याच्या आधीच्या शतकात, हलशीहून नंदगडकडे जाणाऱ्या वाटेवर चक्रतीर्थ नावाच्या लहान विहिरीजवळील मातीच्या उंचवट्यात ताम्रपटांचे संच सापडले. बेळगाव-धारवाड भागात सरकारी नोकरीत असलेल्या फ्लीट यांनी ते वाचून १८७७ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. काकुस्थवर्मा, मृगेशवर्मा, रविवर्मा, हरिवर्मा या पाचव्या-सहाव्या शतकांतील राजांची दाने त्यांत आहेत. काकुस्थवर्म्याने आपला जीव वाचविणाऱ्या श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीला जमीन दिली, मृगेशवर्म्याने पलाशिकेत जैन मंदिर उभारले, अशा नोंदी या तांब्याच्या पत्र्यांनी दीड हजार वर्षे सांभाळल्या.

ताम्रपट म्हणजे त्या काळचा जमिनीचा उतारा. दान घेणाऱ्याचे वंशज तो जिवापाड जपत. संकट आले की जमिनीत ठेवीत. म्हणूनच राजवाड्यांच्या अवशेषांपेक्षा ताम्रपट अधिक वेळा साध्या शेतात, विहिरीच्या काठी, घराच्या पायात सापडतात. आता भाषेचा प्रश्न. हलशीच्या या ताम्रपटांची भाषा संस्कृत आहे. लिपी दाक्षिणात्य ब्राह्मीच्या त्या वळणाची आहे, जिच्यातून पुढे कन्नड लिपी घडली. सीमेच्या ऐन वादग्रस्त भूमीने आपले सर्वांत जुने कागद बाहेर काढले, आणि त्यांत आजच्या दोन्ही पक्षांना सरळ उचलून दाखविता येईल असे फारसे काही निघाले नाही.

कोल्हापूरने याहून मोठा धक्का दिला. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास बांधकामासाठी खणताना ब्राँझच्या वस्तूंचा मोठा साठा हाती लागला. त्यात भांडी होती, आरसा होता आणि वीतभराहूनही लहान अशी एका दाढीवाल्या पुरुषाची मूर्ती होती. हा आपल्यापैकी कोणताच देव नव्हता. तो ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन होता, आणि मूर्ती रोमन व्यापाराच्या काळातील. पुढे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. टेकडीच्या पोटात सातवाहन काळापासून मध्ययुगापर्यंतची वस्ती थरांवर थर रचलेली आढळली. पोसायडनची ती मूर्ती आज कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील संग्रहालयात आहे. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्री ओलांडून आलेल्या या समुद्रदेवाने एक गोष्ट सिद्ध केली: जमिनीखालचे गाव आपल्या आजच्या कल्पनेच्या सीमा पाळीत नाही. म्हणून कोल्हापूरवर रोमने हक्क सांगावा, असे मात्र आजवर कोणी म्हटलेले नाही.

कोकणातील दिवेआगरची कथा मराठी वाचकाला अधिक परिचयाची आहे. १९९७ च्या नोव्हेंबरात तेथील एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली, आणि तिच्यात किलोहून अधिक वजनाचा गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. गावाला भाविकांचा पूर लोटला. मार्च २०१२ मध्ये मंदिरावर दरोडा पडला, दोन रखवालदार मारले गेले आणि मुखवटा लुटारूंनी वितळवून टाकला. इतके बहुतेकांना ठाऊक असते. पण याच दिवेआगरने आणखी एक तांब्याची वस्तू आपल्याला दिली आहे, तिची आठवण फार थोडे काढतात. ती म्हणजे शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, मराठी ताम्रपट. मराठीच्या आद्य लेखांत त्याची गणना होते. ज्ञानेश्वरीच्या दोनशे तीस वर्षे आधी समुद्रकाठच्या एका गावातील लोक आपला व्यवहार मराठीत तांब्यावर नोंदवून ठेवीत होते. त्या लेखातही सुवर्णाचा उल्लेख आहे. एकाच गावचे हे दोन ठेवे शेजारी ठेवून पाहावेत. सोन्याच्या मुखवट्याला पंधरा वर्षेही लाभली नाहीत. तांब्यावरील ओळी नऊशेहून अधिक वर्षे टिकल्या, कारण त्या वितळवून कोणाला काही मिळणार नव्हते.

म्हणजे परड्यातून निघणाऱ्या वस्तूंत सर्वांत अनपेक्षित आणि सर्वांत मोलाचे असते ते लिखित अक्षर. आणि अक्षर आले की आमच्या भागात दुसरा प्रश्न आपोआप येतो: कोणाचे अक्षर?

या प्रश्नाला इतिहासाने दिलेली उत्तरे कोणत्याच अभिनिवेशाला सोयीची नाहीत. कर्नाटकाच्या दक्षिण भागात श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या महामूर्तीच्या पायाशी मराठी लेख कोरलेले आहेत. शेजारीच कन्नड आणि तमिळ लेख आहेत. चामुंडरायाने मूर्ती घडविली आणि गंगराजाने भोवतीचे बांधकाम केले, ही एकच बातमी वेगवेगळ्या यात्रेकरूंना आपापल्या भाषेत कळावी, एवढाच त्यांचा हेतू. तिकडे महाराष्ट्रात, सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा, मराठी लेख आहे. मराठीच्या अतिप्राचीन लेखांपैकी तो एक. पण त्याच सोलापूर जिल्ह्यात, तसेच सांगली आणि कोल्हापुरात, मध्ययुगीन कन्नड शिलालेख गावोगाव आहेत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील प्राध्यापक कुंदणगार यांनी उत्तर कर्नाटक आणि कोल्हापूर संस्थानातील शिलालेखांचा ग्रंथ १९३९ मध्ये सिद्ध केला. त्यांतील कोल्हापूरचे लेख कोणी लपविले नाहीत, आणि ते छापून आल्याने कोल्हापूरचे मराठीपण तसूभरही कमी झाले नाही.

यापुढे जाऊन आम्ही त्या घरातील मंडळींना एक लहान शब्द ऐकवला. आपण सर्व जण त्या दगडाला वीरगळ म्हणत होतो. या शब्दातील 'वीर' संस्कृत. 'गळ' म्हणजे कन्नडमधील 'कल्लु', अर्थात दगड. कोकणात आणि गोव्यात शिलाहार-कदंब काळातील शापाच्या शिळांना आपण गधेगळ म्हणतो. त्यातही तोच 'गळ'. मराठी लेखांचा इतिहास ज्या शिळांवाचून लिहिता येत नाही, त्या शिळांचे नावच आपण शेजाऱ्याच्या भाषेतून घेतले आहे. दगड पुन्हा मातीत घालता येईल. जिभेवरचा हा शब्द कोठे पुरणार?

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. सीमाभागातील मराठी माणसाची मागणी शिलालेखावर उभी नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा येथील घराघरांत, बाजारात, शाळेत जी भाषा बोलली जात होती, तिच्यावर ती उभी आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, बोलणाऱ्यांचे बहुमत आणि लोकांची इच्छा ही तत्त्वे आपण मांडत आलो. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेचा प्रश्न सोडविताना पाटसकर यांनी खेडे हाच घटक धरला होता. या तत्त्वांपैकी एकही तत्त्व दहाव्या-बाराव्या शतकातील राजाच्या दप्तरी भाषेवर अवलंबून नाही. आपण एखादा मराठी लेख उंचावून 'ही भूमी आमची' म्हणू लागलो, तर उद्या दुसरा कोणी कन्नड लेख उंचावून तेच म्हणेल, आणि मग सोलापूर-कोल्हापूरच्या शिळा मोजाव्या लागतील. जिवंत माणसांचा हक्क मेलेल्या राजांच्या स्वाधीन करण्याचा हा व्यवहार आपल्यालाच तोट्याचा आहे.

आणखी एक कारण आहे, आणि आम्हांला ते अधिक महत्त्वाचे वाटते. पेशवाई आणि पटवर्धनांच्या अमलामुळे धारवाड-बेळगाव भागातील कित्येक कन्नड घरांत मोडी लिपीतील मराठी कागद आहेत. देसाई, कुलकर्णी, शानभोग यांच्या माळ्यांवर रुमालांत बांधलेली ती दप्तरे आज घरच्यांना वाचता येत नाहीत. ती त्यांनी बंबात घालू नयेत, रद्दीत विकू नयेत, कोणा जाणत्याला दाखवावीत, अशी आमची अपेक्षा असते. राजवाड्यांनी वाड्यावाड्यांतून कागद मिळविले, ते याच अपेक्षेच्या बळावर. आपल्या परड्यातील कन्नड दगड पालथा घालून पुन्हा पुरणाऱ्याला, त्यांच्या माळ्यावरील मराठी कागद जपा, असे सांगण्याचा काय अधिकार उरतो?

आम्ही हे बोलत असता आजोबा पायरीवर बसून ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, "गाईंसाठी मेलेला माणूस हाय त्यो. पालथा नको घालायला."

दुसऱ्या दिवशी आमच्या परिचयाचे एक निवृत्त कन्नड शिक्षक आले. त्यांनी ओल्या कागदाचा ठसा घेतला. ओळी फार झिजल्या होत्या. वीराच्या नावाची पहिली दोन अक्षरे तेवढी उरली होती. पण गाई पळविणाऱ्यांशी लढताना तो पडला आणि त्याच्या भावाने दगड उभारला, एवढे लागले. गाव तेच होते. नावाचे रूप जरा वेगळे, पण ओळखीचे.

वाचकांच्या घरीही असे काही निघू शकते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, गोवा येथील जुन्या वाड्यांना तर अंगण-परडी आहेतच. म्हणून चार व्यावहारिक गोष्टी. वस्तू निघाली की ती हलविण्याआधी छायाचित्र घ्यावे आणि कोणत्या जागी, किती खोलीवर निघाली ते लिहून ठेवावे. वस्तूचा निम्मा इतिहास तिच्या जागेत असतो. तांब्याला चिंच आणि दगडाला आम्ल लावू नये. शेंदूर, तैलरंग किंवा खडूने अक्षरे भरणे टाळावे. शिळा सावलीत उभी ठेवावी. आणि सरकारी कार्यालयाला कळवावे. १८७८ च्या निखात निधीविषयक कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. वस्तू बेवारस ठरली आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा, अशी त्यात तरतूद आहे. कर्नाटकात यासाठी १९६२ चा स्वतंत्र कायदा आहे. कळविले की घर जाते, जमीन जाते, या भीतीने फार दगड पुन्हा मातीत गेले आहेत.

कन्नड शिक्षकांनी निघताना पिशवीतून एक लहान रुमाल काढून आमच्यापुढे ठेवला. त्यांच्या आजोळच्या माळ्यावरचे मोडी कागद होते. तीन पिढ्यांत कोणी वाचले नव्हते. आम्ही तेथेच परड्यात बसून पहिला कागद लावला. आंब्याच्या एका झाडाच्या फळांची दोन भावांतील वाटणी होती. शिक्षक हसले आणि म्हणाले, "ते झाड अजून आहे, आणि भांडणही." वीरगळ आता त्या परड्यात गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा आहे, तोंड उगवतीकडे.